कड्यावरच्या दरडी : काउंटी क्लेअरमधील पाच दिवस

गौरी-गणपतीचे विसर्जन आटोपून मी आयर्लंडला निघालो तेव्हा बॅगेत थरांची दिशा आणि कल मोजणारा क्लायनोमीटर कंपास, भिंग, दोन फील्ड-वह्या आणि भाच्यासाठी दोन किलो भाजणी एवढे सामान होते. नोकरीची बत्तीस वर्षे मी महाराष्ट्रात भूजलाच्या कामात घालवली. विहिरी, बोअर आणि बेसाल्ट हे माझे रोजचे जग होते, आणि पावसाळा सरता सरता दरडप्रवण गावांची पाहणी करणे हे त्याला जोडून आलेले काम. त्यामुळे दरड म्हणजे काय हे मला पुरते ठाऊक आहे, असा माझा समज होता. आपल्याकडे दरड कोसळली की आधी दिसतो तो डोंगरावरचा लाल ओरखडा, मग खाली साचलेला ढीग. ओरखड्याकडे पाहून किती माती सुटली, पाणी कुठून मुरले, भेग कुठवर गेली हे सांगता येते, आणि ढीग मात्र रस्ता मोकळा करताना जेसीबीने उचलून टाकला जातो. समुद्राच्या तळावर कोसळलेल्या आणि पुढे दगड होऊन राहिलेल्या दरडींचा अभ्यास करणाऱ्यांपुढे नेमकी उलटी अडचण असते. ओरखडा कधीच नाहीसा झालेला असतो, आणि हाती उरतो तो फक्त ढीग.

असे ढीग जगात ज्या काही ठिकाणी उघड्यावर आणि पायी पोहोचता येईल असे दिसतात, त्यांत आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील काउंटी क्लेअरचे नाव नेहमी घेतले जाते. भाचा लिमरिकला नोकरीला आहे. हौशी आणि निवृत्त भूविज्ञानप्रेमींच्या एका गटाची तेथे पाच दिवसांची सहल निघणार असल्याचे त्याने कळवले, आणि मी पुढचा विचार न करता तिकीट काढले.

पहिला दिवस : लिमरिक ते किल्की

प्रवासाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. एनिसमार्गे दीड तासात आम्ही किल्की या छोट्या, नालाच्या आकाराच्या खाडीवर वसलेल्या गावी पोहोचलो. गटात अकरा जण होते. मार्गदर्शक बाई निवृत्त प्राध्यापिका होत्या, आणि त्यांनी पहिल्याच संध्याकाळी हातोडे मोटारींतच ठेवण्याची सक्त ताकीद दिली. पुढच्या पाच दिवसांत पाहायचे खडक पुन्हा तयार होणारे नाहीत, आणि ते पाहायला आमच्यानंतरही माणसे येणार आहेत, एवढेच कारण त्यांनी सांगितले.

जेवणानंतर त्यांनी टेबलावर नकाशा पसरून या प्रदेशाचा क्रम समजावून दिला. सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपला दख्खनचा बेसाल्ट ओतला जाण्याच्या २५ कोटी वर्षे आधी, आजच्या शॅनन नदीच्या मुखाच्या परिसरात एक खोल सागरी द्रोणी होती. तळाला चुनखडक, जो उत्तरेकडे बरन या उघड्याबोडक्या पठारावर दिसतो. त्यावर काळा शेल, म्हणजे गाळाचा फारसा पुरवठा नसलेल्या, शांत आणि खोल समुद्राचा चिखल. त्यावर साडेचारशे मीटरहून अधिक जाडीचा रॉस वालुकाश्म, त्यावर साधारण साडेपाचशे मीटर जाडीची गल आयलंड नावाची शैलमाला, आणि सर्वांत वर त्रिभुज प्रदेशाचे वालुकाश्म. खालून वर वाचत गेले की एक खोल समुद्र नद्यांच्या गाळाने हळूहळू भरत गेल्याची कथा उलगडते. रॉस वालुकाश्म साचला तेव्हा हा भाग उताराच्या पायथ्याशी होता. गल आयलंडच्या काळापर्यंत उतारच पुढे सरकत येथवर आला, आणि उतार आला तशा दरडी वाढल्या.

समुद्राखालच्या दरडींचे प्रकार सांगताना बाईंनी टेबलावरची पुस्तकेच हाताशी घेतली. पुस्तकांची चळत तिरकी धरली की ती अखंड घसरते, ही पहिली तऱ्हा. घसरताना पाने दुमडली, चुरगळली की झाला स्लम्प. चिखल आणि दगडगोटे एकमेकांत कालवले जाऊन लोट वाहू लागला की तिसरी, आणि त्या लोटात आणखी पाणी शिरून गाळ पाण्यात तरंगत धावू लागला की गढूळ प्रवाह, म्हणजे टर्बिडिटी करंट. त्यातून साचणाऱ्या थराला टर्बिडाइट म्हणतात. तळाशी जाड वाळू, वर बारीक, सर्वांत वर चिखल अशी त्याची रचना असते. एकच दरड वाटेत या सर्व अवस्थांतून जाऊ शकते, त्यामुळे तिच्या ढिगाला एक नाव देणे पुष्कळदा अवघड होते. या सर्वांसाठी भूविज्ञानात ‘मास ट्रान्सपोर्ट डिपॉझिट’ असा सोयीचा शब्द आहे. मला स्वतःला तो फार सरकारी वाटतो. मी वहीत ‘दरडीचा थर’ असेच लिहीत गेलो.

दुसरा दिवस : ब्रिजेस ऑफ रॉस

लूप हेडच्या टोकाकडे, किलबहा गावाच्या अलीकडे, ब्रिजेस ऑफ रॉस नावाची जागा आहे. समुद्राने कोरलेल्या तीन नैसर्गिक कमानी येथे एकेकाळी होत्या. आज एक उरली आहे. सप्टेंबरात अटलांटिकवरून जाणारे समुद्रपक्षी पाहण्यासाठी येथे दुर्बिणी लावून बसलेल्या माणसांची रांग असते. ती सर्व समुद्राकडे तोंड करून बसली होती, आणि आम्ही अकरा जण समुद्राकडे पाठ करून. ओहोटी सकाळी अकराच्या सुमारास होती, आणि त्याआधी दोन तास व नंतर दोन तास एवढाच अवधी आमच्या हाती होता. शेवाळलेल्या खडकावर कोकणात वाढलेल्या माणसानेही जपूनच पाय टाकावा, हे मी पहिल्या दहा मिनिटांत गुडघा खरचटून घेऊन शिकलो.

प्रथम दिसतात ते सरळ, समांतर, वहीच्या रेघांसारखे वालुकाश्म आणि शेलचे थर. प्रत्येक वालुकाश्माचा थर म्हणजे एकेक टर्बिडाइट, म्हणजेच दूर कुठेतरी वर सुटलेल्या एका गढूळ प्रवाहाची अखेर. मग चालता चालता या रेघा अचानक बिघडतात. खालचे थर सरळ, वरचे थर सरळ, आणि मध्ये दोन पुरुषांहून अधिक जाडीचा एक पट्टा असा, की त्यात एकही रेघ सरळ नाही. ‘रॉस स्लाइड’ या नावाने ओळखला जाणारा दरडीचा थर तो हाच. वालुकाश्माचे थर त्यात आडव्या घड्या घालून पडलेले आहेत. अळूवडीचा उंडा सुरीने कापल्यावर काप जसा दिसतो, तशी एक संपूर्ण गुंडाळी कड्याच्या छेदात माझ्या छातीच्या उंचीवर होती. बाहेरच्या वेढ्यात वालुकाश्म, आत शेल, पुन्हा वालुकाश्म, आणि गाभ्याशी पिळवटलेला काळा चिखल. गुंडाळीच्या बाकावर वालुकाश्म जाड झाला होता आणि बाजूंना ताणून बारीक झाला होता. एके ठिकाणी तर तो तुटून उशांसारखे अलग तुकडे पडले होते, पण त्या तुकड्यांच्या कडा टोकदार नव्हत्या, त्या मऊ, गोलसर होत्या. भिंगातून पाहिले तर वाळूचे कण फुटलेले किंवा चिरडलेले दिसत नव्हते. थर वाकला तेव्हा कण एकमेकांवरून सरकले होते, म्हणजे तो अजून ओला आणि सुटा होता.

दुपारी बाईंनी आम्हाला मधला भाग सोडून आधी तळ आणि मग माथा पाहायला लावला. त्यांचे म्हणणे असे, की नवखा माणूस घड्यांकडेच पाहत राहतो, कारण त्या देखण्या असतात, पण दरडीची खरी साक्ष तिच्या खालच्या आणि वरच्या पृष्ठावर असते. तळाशी वळकट्या पडलेला पट्टा संपून सरळ थर सुरू होतात ती सीमा जवळजवळ बोटाने दाखवता येईल इतकी स्पष्ट होती. ती एका शेलच्या थरात होती. बारीक चिखलात पाणी अडकून राहते, वर नवा गाळ भराभर साचला की ते पाणी दाबाखाली येते, आणि मग कणांचे एकमेकांवरचे ओझे कमी होऊन तो थर साबण लावल्यासारखा निसरडा होतो. आपल्या घाटांत मुरमाखालच्या चिकणमातीत पाणी साचून हेच घडते, हे मी सांगितल्यावर बाईंनी मान डोलावली आणि विचारले, “तुमच्याकडे पाऊस पाणी पुरवतो. येथे तळ आधीच पाण्याखाली आहे, मग दाब वाढवणारा कोण?” भराभर साचणारा गाळ हे एक उत्तर, भूकंपाचा हादरा हे दुसरे. येथे त्यांपैकी नेमके काय घडले ते खडक सांगत नाही.

माथ्यावर मात्र जे दिसले त्यासाठीच मी एवढ्या लांब आलो होतो असे आता वाटते. लाटांनी झिजवून सपाट केलेल्या पृष्ठावर, दरडीच्या थराच्या अगदी वर, वाळूचे शंकू होते. काही ताटाएवढे, काही बैलगाडीच्या चाकाएवढे. उपडी परात ठेवावी तसा उंचवटा, मधोमध खळगा, आणि खळग्यापासून बाहेर चहूबाजूंनी उतरत गेलेल्या ओघळांच्या रेषा. यांना वाळूचे ज्वालामुखी म्हणतात, पण त्यांचा लाव्ह्याशी काही संबंध नाही. दरड थांबली, ढीग स्थिरावू लागला, आणि त्यात अडकलेले पाणी वाट काढत, वाटेतली वाळू घेऊन, समुद्रतळावर उसळले. २००१च्या भूज भूकंपानंतर कच्छच्या रणात असेच वाळूमिश्रित पाण्याचे उमाळे फुटले होते, ते आपल्यापैकी अनेकांनी छायाचित्रांत पाहिले असतील. डब्ल्यू. डी. गिल आणि नेदरलँड्सचे फिलिप कुनेन यांनी क्लेअरमधल्या या वाळूच्या ज्वालामुखींचे वर्णन १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. हेच कुनेन गढूळ प्रवाहांवरील प्रयोगांसाठी अधिक ओळखले जातात.

मी एका शंकूशेजारी उकिडवा बसलो. त्याच्या कडेवरचा ओघळ करंगळीइतका रुंद होता, आणि त्यावर पुढच्या थराचा चिखल अगदी हलक्या हाताने पांघरल्यासारखा बसला होता. एवढी नाजूक वस्तू टिकली याचा अर्थ दरडीनंतर या तळावरून जोराचा प्रवाह लगेच गेला नाही. आणि शंकू समुद्रतळावरच उभे राहिले, म्हणजे दरड पृष्ठावर घडली होती. ती वरच्या थरांखाली गाडलेल्या अवस्थेत नंतर कधीतरी चुरगळलेली नव्हती. ही दुसरी गोष्ट किती महत्त्वाची आहे, ते चौथ्या दिवशी अधिक कळले. भाच्याने शंकूचे छायाचित्र काढताना प्रमाणासाठी माझी कंपासची डबी ठेवली, आणि भरती वाढू लागल्याचे लक्षात येताच घाईने उचलली.

तिसरा दिवस : पाऊस

सकाळपासून असा वारा आणि पाऊस होता, की कड्यावर जाण्याचा विषयच निघाला नाही. बाईंनी भाड्याच्या घराच्या बैठकीतच वर्ग भरवला. मला तो दिवस वाया गेल्यासारखा मुळीच वाटला नाही, कारण ज्या दरडी पाण्याखालीच आहेत त्यांचा अभ्यास कसा करतात, हे त्या दिवशी नीट समजले.

सुरुवात १९२९च्या प्रसंगापासून झाली. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेस, ग्रँड बँक्सच्या कडेशी, ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. तळावर अंथरलेल्या बारा तारायंत्राच्या केबली तुटल्या. काही हादऱ्यासरशी तुटल्या, पण उताराच्या खालच्या अंगाच्या केबली एकामागून एक, काही तासांच्या अंतराने तुटत गेल्या. त्सुनामीने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर २८ जणांचा बळी घेतला. केबल तुटल्याची वेळ तार कचेऱ्यांकडे मिनिटापर्यंत नोंदलेली होती, पण तिचा अर्थ लावायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. १९५२ मध्ये ब्रूस हीझेन आणि मॉरिस युइंग यांनी दाखवून दिले, की भूकंपाने उतारावरचा गाळ सुटला, त्याचा गढूळ प्रवाह झाला, आणि तो प्रवाह उतरत जाताना केबली तोडत गेला. वेळ आणि अंतर दोन्ही माहीत असल्याने त्याचा वेगही काढता आला. समुद्राखालच्या दरडीचा वेग प्रथम मोजला गेला तो अशा रीतीने, तिच्यासाठी मुळीच न लावलेल्या उपकरणांनी. ज्यांच्या गावात रात्री दरड कोसळून घड्याळे बंद पडली आहेत, अशा माणसांना मी भेटलो आहे. त्यामुळे या हकिगतीतल्या वेळांच्या नोंदी ऐकताना मी बराच वेळ गप्प होतो.

आज तळाचा नकाशा जहाजाखालच्या बहुकिरणी ध्वनिमापकाने काढतात. पंख्यासारख्या पसरलेल्या शेकडो ध्वनिकिरणांच्या परतीच्या वेळेवरून खोली मिळते, आणि ओरखडा, त्याची कडा, पायथ्याचा ढीग हे सर्व डोंगरावरच्या दरडीसारखे दिसू लागते. तळाखाली काय आहे ते पाहण्यासाठी अधिक जोरकस ध्वनिलहरी पाठवून भूकंपीय परावर्तनाचे छेद काढतात. अशा छेदात एकसारखे साचलेले थर रेघांसारखे उमटतात, आणि दरडीचा थर येतो तेथे रेघा नाहीशा होऊन नुसता धूसर गोंधळ उरतो. बाईंनी नॉर्वेच्या किनाऱ्यापुढील स्टोरेगा दरडीचा छेद दाखवला. स्टोरेगा म्हणजे मोठी कडा. सुमारे ८१५० वर्षांपूर्वी तेथे जवळजवळ तीनशे किलोमीटर लांबीची कड सुटली, आणि तिने उठवलेल्या लाटेने शेटलंड बेटांवर २० मीटरहून अधिक उंचीपर्यंत वाळू नेऊन टाकली. त्या दरडीच्या ओरखड्यातच ओर्मेन लांगे हे नैसर्गिक वायूचे क्षेत्र १९९७ मध्ये सापडले, तेव्हा ‘उरलेला उतार पुन्हा सुटेल का’ हा प्रश्न केवळ अभ्यासाचा उरला नाही. त्या निमित्ताने झालेल्या पाहणीतून, हिमयुगात भराभर साचलेला गाळ, त्याखालचे पाण्याच्या दाबाने कमजोर झालेले थर आणि बर्फ वितळल्यावर वर उचलल्या जाणाऱ्या भूमीचे भूकंप अशी कारणांची साखळी पुढे आली.

मग मी न राहवून नटराज नावाच्या दरडीचा विषय काढला. आपल्या अरबी समुद्रातच, सौराष्ट्राच्या बाजूच्या खंडीय उतारावरून, सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी एक प्रचंड दरड सुटली आणि खोल तळावरच्या लक्ष्मी द्रोणीत जाऊन पडली. तिचे घनफळ सुमारे १९,००० घन किलोमीटर, आणि जाडी काही ठिकाणी ८०० मीटरच्या आसपास मानली जाते; अशा स्थिर खंडकडांवरील ज्ञात दरडींमध्ये ती सर्वांत मोठ्यांपैकी आहे. भूकंपीय छेदांवरून तिचे वर्णन करणाऱ्या शोधनिबंधात तिला नटराज हे नाव मिळाले. २०१५ च्या मार्च-अखेरीस ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ हे वेधन जहाज कोलंबोहून निघाले आणि मे-अखेरीस मुंबईला लागले. त्या दोन महिन्यांत भारताच्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर, साडेतीन हजार मीटरहून अधिक खोल पाण्यात, तळाला छिद्र पाडून या दरडीचे नमुने काढले गेले. मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व सागरी संशोधन केंद्राचे होते.

मनगटाएवढ्या जाडीची दगडाची कांडी वर येते, तिचे उभे दोन भाग करतात, एक जपून ठेवतात, दुसऱ्यातून नमुने घेतात. त्या कांडीत चुनखडकाचे कोनदार तुकडे, चुऱ्याची वाळू आणि चिखल मिळाले. म्हणजे माल उथळ समुद्रातला, सापडला मात्र खोल तळावर. सूक्ष्म जीवाश्मांच्या वयाचा क्रमही बिघडलेला होता, कारण दरडीने जुन्या थरांतले जीवाश्म नव्या थरांत कालवलेले असतात. म्हणून दरडीचे वय तिच्या पोटातल्या जीवाश्मांवरून ठरवत नाहीत. तिच्यावर नंतर शांतपणे बसलेल्या पहिल्या थराचे वय काढतात. भाच्याने विचारले, “मामा, या कांड्या आता कुठे असतात? बघायला मिळतात का?” मी म्हणालो, “कोचीला.” तो म्हणाला, “मग केरळला जाऊ की पुढच्या वर्षी.” हे कोची जपानातले, शिकोकू बेटावरचे, हिंदी महासागरातील असे नमुने तेथील भांडारात ठेवले जातात.

बाईंनी विचारले, की नटराजाच्या कांडीत एखादा अखंड, सरळ रेघांचा तुकडा सापडला तर मी काय म्हणेन. दरड संपून शांत थर लागले असे म्हणेन, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी कालच्या कड्याचे छायाचित्र उघडले आणि त्यावर पेन्सिल उभी धरली. पेन्सिल जेथे टेकली होती तेथे घसरून आलेला एक मोठा ठोकळा होता. त्याच्या आतले थर मुळीच बिघडलेले नव्हते, पण तो संपूर्ण ठोकळा दरडीच्या पोटात होता. छेदात ८०० मीटरचा धूसर गोंधळ दिसतो आणि कांडीत मनगटाएवढे टीचभर सत्य. या दोहोंच्या मधली मापे डोळ्याला दाखवतो तो कडा. क्लेअरच्या किनाऱ्यामागे विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम छिद्रे पाडून कांड्या काढल्या आहेत त्या याचसाठी, की समोरचा कडा आणि मागची कांडी शेजारी ठेवून पाहता यावी.

चौथा दिवस : किल्कीच्या नैर्ऋत्येस, गल आयलंडच्या थरांत

पाऊस थांबला, वारा राहिला. किल्कीहून नैर्ऋत्येकडे कड्याच्या कडेने जाताना थर जुने होत जातात. त्रिभुज प्रदेशाचे वालुकाश्म मागे पडले आणि दुपारपर्यंत आम्ही गल आयलंडच्या थरांसमोर होतो. येथे खाली उतरणे शक्य नव्हते. एका दांड्यावर बसून समोरचा कडा दुर्बिणीने वाचायचा होता. वालुकाश्म कमी, चिखल अधिक, आणि दरडीचे पट्टे एकावर एक, मध्ये थोडेसे शांत थर. रॉसला जो प्रसंग होता तो येथे नित्यक्रम झाला होता.

अडचण अशी, की क्लेअरचे खडक पुढे पर्वतनिर्मितीच्या दाबाखालीही वाकलेले आहेत. मग समोर दिसणारी घडी ओल्या चिखलाची की पुढे दगड झाल्यानंतरची, हे ठरवायचे कसे? १९३०च्या दशकात उत्तर वेल्समधील डेनबीशायरच्या खडकांवरून ओ. टी. जोन्स आणि पी. जी. एच. बॉझवेल यांच्यात याच प्रश्नावर जोराचा वाद झाला. जोन्स यांच्या मते तेथील वळ्या समुद्रतळावरील घसरणीच्या होत्या. बॉझवेल त्या पर्वतनिर्मितीच्या हालचालींच्या मानत. काळाने जोन्स यांच्या बाजूने कौल दिला, तरी बॉझवेल यांची शंका मला अजिबात मूर्खपणाची वाटत नाही. खाली-वर सरळ थर आणि मध्येच घड्या हा पुरावा पुरेसा वाटतो, पण दोन कठीण थरांच्या मधला मऊ थर पर्वताच्या दाबाखालीही तसाच चुरगळू शकतो. अशा वेळी माथा कामी येतो. वरच्या थराने घडीचा शेंडा सपाट कापला असेल, किंवा खड्डे भरून काढत तो बसला असेल, तर घडी आधीची. आणि माथ्यावर वाळूचा ज्वालामुखी असेल तर वादच मिटतो. जोन्स यांना रॉसचा तो शंकू मिळाला असता तर, असे माझ्या मनात येऊन गेले.

पाचवा दिवस : फिशरस्ट्रीट आणि परत

उत्तरेकडे जाताना आम्ही क्लिफ्स ऑफ मोहरपाशी थांबलो नाही. तेथील २१४ मीटरचा कडा कितीही देखणा असला तरी वाहनतळाची रांग पाहूनच बाईंनी गाडी पुढे घेतली. डूलिनजवळ, फिशरस्ट्रीटच्या किनाऱ्यावर, आणखी एक नामांकित स्लम्प आहे. तेथील घड्यांच्या मोजमापावरून प्राचीन उताराची दिशा काढता येते का, यावर लॉर्ना स्ट्रॅचन आणि इयन ऑलसॉप यांच्यासारख्या अभ्यासकांची नावे घेत बसण्यापेक्षा आम्हाला प्रत्यक्ष मोजायला लावणे बाईंना पसंत होते.

पद्धत सांगायला सोपी आहे. चटई उतारावरून खाली ढकलली तर तिला पडणाऱ्या सुरकुत्या उताराला आडव्या पडतात. तेव्हा घड्यांच्या अक्षांची, म्हणजे थर जिच्याभोवती वाकला त्या रेषेची, दिशा मोजावी, सर्वांची सरासरी काढावी, तिला काटकोनात उतार. आणि घड्या ज्या बाजूला कलंडल्या असतील ती खालची बाजू. मी आणि भाचा मिळून दोन तासांत सव्वीस घड्या मोजल्या. कंपास टेकवायला सपाट जागा नसली की वही घडीच्या बाकावर धरायची, तिच्यावर कंपास ठेवायचा, आणि भाच्याने वाऱ्याविरुद्ध ओरडून सांगितलेला आकडा मी लिहायचा. काही अक्ष सरळ नव्हतेच. एका घडीचा अक्ष तर दोन हातांच्या अंतरात धनुष्यासारखा वाकला होता. तिची दिशा कोणती लिहायची? दोन टोकांच्या दोन नोंदी केल्या.

लिमरिकला परतल्यावर रात्री जेवणाच्या टेबलावर वर्तुळजाळी, म्हणजे दिशा आणि कल ठिपक्यांनी मांडण्याचा गोल आलेख, काढून सव्वीस घड्यांचे ठिपके मांडले. ते एका जागी न जमता कमानीसारखे पसरले. कारण दरड चटईसारखी एका चालीने सरकत नाही. मधला भाग पुढे धावतो, कडा मागे रेंगाळतात, पुढचा भाग अडला की मागचा त्यावर चढतो, आणि घडी आधी आडवी पडून मग प्रवाहाच्या दिशेने फिरतही जाते. क्लेअरचा प्राचीन उतार नेमका कोणत्या दिशेला होता यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, ते का, हे त्या कमानीकडे पाहून माझ्या ध्यानात आले. मी कमानीच्या मधोमध एक बाण शिसपेन्सिलीने काढला आणि त्याच्या शेजारी प्रश्नचिन्ह टाकले.

तेवढ्यात चिपळूणहून बहिणीचा फोन आला. भाच्याने तिला शंकूचे छायाचित्र दाखवून सर्व समजावले. ती म्हणाली, “अरे, पण दरड किती वर्षांपूर्वीची?” तो म्हणाला, “बत्तीस कोटी.” पलीकडे क्षणभर शांतता पडली. मग तिने मला विचारले, “दादा, आणि ती ओली होती तेव्हाचं पाणी वर आलेलं अजून दिसतं?” मी फोन घेऊन छायाचित्र मोठे केले आणि तो करंगळीएवढा ओघळ तिला दाखवला.